नभोवाणीचा एक दिवस



वसंत व्याख्यानमालेचा एक विशेष असा, की तिच्यात आज काय ऐकावयाचे आणि उद्या काय, याचा एकमेकांशी संबंध असावाच असा आग्रह नसतो. एके दिवशी वैद्य येऊन हृदयविकाराविषयी बोलतात, दुसऱ्या दिवशी कोणी धरणांविषयी सांगतो, तिसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीवर प्रवचन होते. १८७५ साली पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी ही प्रथा पाडली, तेव्हापासून आपण या सरमिसळीला इतके सरावलो आहोत, की तिच्यामागे काही विचार असेल हे आपल्या ध्यानातही येत नाही. ज्ञानेश्वरीसाठी आलेला माणूस धरण ऐकून जातो आणि त्यातच या मालेचे अर्धे पुण्य असते.

आज ज्या विषयाकडे मी आपले लक्ष वेधणार आहे, तो म्हणजे अशाच सरमिसळीचा, परंतु पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत रोज चालणारा एक उद्योग. इंग्लंडात बी. बी. सी.चे 'रेडिओ फोर' नावाचे केंद्र आहे. गाणे तेथे क्वचित. मुख्य व्यवहार बोलण्याचा. एकाच दिवसात तेथे समुद्रावरील वाऱ्याचा अंदाज, शेतीची खबर, मंत्र्यांची उलटतपासणी, स्त्रियांची चर्चा, नाटक, बागकाम, खेडेगावातील एका कुटुंबाची कथा, संसदेचा वृत्तांत आणि निजताना वाचून दाखविलेले पुस्तक, एवढे सगळे एकामागून एक येते. कोणाही एका माणसाला हे सारे हवे असणे शक्य नाही. मग हे सारे एकत्र आले कसे, आणि इतकी वर्षे एकत्र राहिले का? हा प्रश्न वरवर करमणुकीचा दिसतो. पण समाजातील माणसांनी आपल्याला न आवडणारे, न पटणारे असे काही ऐकावयाचे की नाही, आणि ते कोणी ठरवावयाचे, हा खरा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

या दिवसाची घडण समजण्यासाठी प्रथम थोडे मागे जावे लागेल. १९२२ च्या ऑक्टोबरात रेडिओयंत्रे बनविणाऱ्या व्यापाऱ्यांनी मिळून ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी काढली आणि १४ नोव्हेंबरला लंडनहून तिचे कार्यक्रम सुरू झाले. व्यापाऱ्यांचा हेतू सरळ होता. ऐकण्यासारखे काही असल्यावाचून यंत्रे खपणार नाहीत, म्हणून कार्यक्रम हवेत. पण त्यांनी व्यवस्थापक नेमला तो जॉन रीथ नावाचा, अवघ्या तेहतीस वर्षांचा, उंचापुरा आणि कडक शिस्तीचा स्कॉटिश इंजिनिअर. धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेल्या या गृहस्थाने दुकानदारी बाजूस सारली आणि नभोवाणी ही लोकशिक्षणाची शाळा केली. १ जानेवारी १९२७ पासून कंपनी जाऊन राजसनदेने स्थापलेले महामंडळ आले. त्याला जाहिराती नव्हत्या. खर्च चाले तो श्रोत्यांच्या परवाना-शुल्कावर.

रीथ यांचे मत असे, की लोकांना काय हवे हे पुष्कळदा लोकांनाच ठाऊक नसते. म्हणून त्यांना मागतील तेच न देता त्याहून थोडे अधिक द्यावे. या मतात अहंकार होता यात शंका नाही. पण त्यातून एक व्यवहार्य नियम निघाला. एकाच केंद्रावर सर्व प्रकारचे कार्यक्रम मिसळून लावावयाचे, म्हणजे नाचाचे संगीत ऐकावयास बसलेल्या माणसाच्या कानावर जाता जाता एखादे व्याख्यानही पडेल. आता रेडिओ फोरच्या एका दिवसाबरोबर आपण चालत जाऊ. त्याच्या प्रत्येक प्रहराला एकेका निराळ्या काळाची खूण आहे.

दिवस उजाडण्यापूर्वी येतो तो दर्यावर्दींसाठी हवामानाचा अंदाज. ब्रिटिश बेटांभोवतीच्या समुद्राचे ३१ विभाग केलेले आहेत. त्यांची नावे एका ठराविक क्रमाने घेतली जातात आणि प्रत्येक नावापुढे वाऱ्याची दिशा, त्याचा जोर, पाऊस आणि दृष्टीची मर्यादा एवढेच सांगितले जाते. एकही शब्द अधिक नाही. कोळ्याच्या होडीत नव्हे, तर लंडनच्या बिछान्यात पडून हा अंदाज ऐकणारे लोक हजारोंनी आहेत. ज्यांना समुद्राशी काही कर्तव्य नाही, तेही ती नावे एखाद्या स्तोत्रासारखी ऐकतात.

या स्तोत्राच्या मुळाशी मात्र एक अपघात आहे. १८५९ च्या ऑक्टोबरात 'रॉयल चार्टर' नावाचे जहाज ऑस्ट्रेलियाहून परत येताना वेल्सच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून फुटले आणि चारशेंहून अधिक माणसे बुडाली. त्या वेळी सरकारच्या हवामान खात्याचा प्रमुख होता रॉबर्ट फिट्झरॉय. हा तोच खलाशी, ज्याच्या जहाजावरून चार्ल्स डार्विनने पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. वादळाची वार्ता तारेने पुढच्या बंदराला आधी कळविता येईल, हे त्याने जाणले आणि १८६१ मध्ये तशा सूचना सुरू केल्या. तारेचे काम पुढे बिनतारी यंत्रणेने घेतले. १९२५ पासून हा अंदाज बी. बी. सी.च्या दीर्घ लहरींवरून जाऊ लागला. रेडिओ फोरवर तो आला तो मात्र १९७८ च्या नोव्हेंबरात, आणि त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. समुद्रावर दूरपर्यंत पोहोचते ती दीर्घ लहर. ती त्या दिवशी दुसऱ्या केंद्राकडून रेडिओ फोरकडे आली, आणि लहरीच्या मागोमाग समुद्रही आला! कोणा संपादकाच्या आवडीमुळे नव्हे, तर लहरीच्या लांबीमुळे हा कार्यक्रम येथे येऊन बसला आणि त्या केंद्राचे जणू दैवत झाला. २००२ साली एका सागरी विभागाचे जुने नाव बदलून त्याला फिट्झरॉयचे नाव देण्यात आले. आयुष्याच्या अखेरीस निराश होऊन ज्याने १८६५ मध्ये स्वतःच्या हाताने जीवनाचा अंत केला, त्याचे नाव आता रोज घेतले जाते.

यानंतर घड्याळ. तास भरताना सहा सूचक ध्वनी होतात. पाच आखूड आणि शेवटचा लांब. शेवटच्याचा आरंभ तोच तासाचा आरंभ. ५ फेब्रुवारी १९२४ ला ग्रिनिचच्या वेधशाळेतून ते प्रथम आले. तत्पूर्वी मोठ्या शहरांतून नेमकी वेळ मिळविणे हे घड्याळजीचे आणि स्टेशनमास्तरचे काम असे. आता झोपडीतल्या माणसाला आणि राजवाड्यातल्या माणसाला एकच क्षण एकाच वेळी कळू लागला. समतेचा एवढा स्वस्त प्रसाद आजवर दुसरा कोणी वाटला नसेल.

सकाळी सहाला 'टुडे' नावाचा वार्ताकार्यक्रम सुरू होतो आणि आठवड्याच्या कामाच्या दिवशी नऊपर्यंत चालतो. २८ ऑक्टोबर १९५७ ला तो जन्मला तेव्हा इतका गंभीर नव्हता. सकाळच्या घाईत दाढी करीत, पावाचा तुकडा मोडीत ऐकण्याजोग्या हलक्याफुलक्या टिपणांचा तो गुच्छ होता. त्याचा लोकप्रिय निवेदक जॅक डी मॅनिओ हा किती वाजले हे चुकीचे सांगण्याबद्दल प्रसिद्ध होता. ज्या केंद्राने सेकंदाचा हिशेब राष्ट्राला शिकविला, त्याच केंद्रावर हा गृहस्थ घड्याळ वाचताना चुके आणि लोक त्याच्यावर प्रेम करीत! पुढे हाच कार्यक्रम कडक राजकीय चौकशीचे व्यासपीठ झाला. मंत्री तेथे येतात आणि त्यांना अडचणीचे प्रश्न विचारले जातात.

प्रश्न विचारण्याचा हा अधिकार मात्र सहजासहजी मिळालेला नाही. पहिल्या काही वर्षांत वृत्तपत्रांच्या मालकांनी अशी अट घातली होती, की संध्याकाळी सातपूर्वी नभोवाणीने बातमी देऊ नये. ही अट मोडली ती १९२६ च्या मे महिन्यातील सार्वत्रिक संपाने. खाणकामगारांच्या पाठिंब्यासाठी देशभरचे कामगार संपावर गेले, छापखाने बंद पडले, आणि वृत्तपत्रे निघेनाशी झाली. त्या दिवसांत बी. बी. सी. दिवसातून पाच वेळा बातम्या देऊ लागली. विन्स्टन चर्चिल तेव्हा अर्थमंत्री होते. सरकारने हे यंत्र सरळ ताब्यात घ्यावे असे त्यांचे म्हणणे. रीथ यांनी ते टाळले. पण कसे टाळले हेही पाहिले पाहिजे. पंतप्रधान बाल्डविन यांना बोलू दिले; विरोधी मजूर पक्षाचे नेते रॅम्से मॅक्डोनल्ड यांना बोलू दिले नाही. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी दोन्ही पक्षांना समेटाचे आवाहन लिहिले, तेही काही दिवस अडवून ठेवले. संस्था वाचली खरी. पण तिने ते स्वातंत्र्य न वापरून वाचविले. खाणीच्या मुलखातील कामगारांनी ही गोष्ट दीर्घकाळ लक्षात ठेवली.

येथे आपल्या देशाशी निगडित एक प्रसंग सांगितला पाहिजे. १९३०-३१ च्या सुमारास हिंदुस्थानला अधिक राजकीय अधिकार देण्याच्या विरुद्ध चर्चिल यांना नभोवाणीवरून बोलावयाचे होते. त्यांना संधी नाकारण्यात आली. सरकार आणि विरोधी पक्ष या दोहोंनाही तो विषय हवेवर नको होता. अखेर १९३५ च्या जानेवारीत, हिंदुस्थानविषयक विधेयकावरील व्याख्यानांच्या मालिकेत, त्यांना बोलू दिले गेले. आपल्यापैकी कोणालाही प्रथमदर्शनी वाटेल, की बरे झाले, आपल्या वैऱ्याचे तोंड काही वर्षे तरी बंद राहिले. मलाही ही हकीकत प्रथम वाचताना तसेच वाटले होते. पण थोडा विचार करता लक्षात येते, की ज्या हाताने १९२६ मध्ये कामगारांचे तोंड बंद केले, त्याच हाताने हेही तोंड बंद केले. ज्याला गप्प केले तो आज आपला विरोधक होता, म्हणून तो हात न्यायाचा ठरत नाही. न पटणारे कानावर पडावे की नाही, हा प्रश्न आपल्याला न पटणाऱ्या माणसाच्या बाबतीतच कसोटीला लागतो.

या कसोटीला ती संस्था पुढे उतरली, असे १९५६ च्या सुएझ प्रकरणाविषयी म्हणता येते. इजिप्तवरील स्वारीचे समर्थन पंतप्रधान ईडन यांनी नभोवाणीवरून केले आणि दुसऱ्याच दिवशी विरोधी नेते गेट्स्केल यांना उत्तर देण्याची संधी देण्यात आली. सैन्य लढाईवर असताना सरकारच्या विरुद्ध बोलू देणे ही साधी गोष्ट नव्हे. संसदेत ज्या विषयावर येत्या पंधरवड्यात चर्चा व्हावयाची, त्याविषयी हवेवर चकार शब्द काढू नये, असाही एक नियम तोवर होता. तो त्याच वर्षाच्या अखेरीस स्थगित झाला. १९२६ पासून १९५६ पर्यंत तीस वर्षे लागली. पण रस्ता कापला गेला. सकाळच्या 'टुडे'मधील एकेक टोकदार प्रश्न या रस्त्यावरून आलेला आहे.

सकाळी दहाला 'वूमन्स अवर'. ७ ऑक्टोबर १९४६ ला तो दुसऱ्या एका केंद्रावर, दुपारी दोन वाजता सुरू झाला. जेवणाची भांडी विसळून झाली आहेत, मुले शाळेतून परतावयाची आहेत, अशा वेळी गृहिणी रिकामी सापडेल, हा हिशेब. स्त्रियांच्या या कार्यक्रमाचा पहिला निवेदक मात्र पुरुष होता! श्रोत्यांनी तक्रार केली आणि लवकरच स्त्रीचा आवाज आला. स्वयंपाक आणि विणकाम येथे होतेच. पण १९४८ साली रजोनिवृत्तीवर तेथे उघड बोलले गेले, तेव्हा काही अधिकाऱ्यांना ते रुचले नाही. डॉक्टरलाही सांगण्याचा संकोच वाटावा अशी गोष्ट हजारो घरांतून एकाच वेळी ऐकली गेली. १९७३ साली हा कार्यक्रम रेडिओ फोरवर आला. पुरुषही तो पुष्कळ ऐकतात. कारण रेडिओ चालूच असतो आणि तो बंद करावयाला कोणी उठत नाही. सरमिसळीचा फायदा म्हणतात तो हाच.

दुपारी एकला 'वर्ल्ड ॲट वन'. १९६५ पूर्वी बातमी वाचली जाई ती निर्विकार स्वरात, जणू पंचांग वाचावे तशी. १९३० च्या गुड फ्रायडेला तर निवेदकाने आज काही बातमी नाही असे सांगितले आणि उरलेल्या वेळात पियानो ऐकविला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. १९६५ मध्ये विल्यम हार्डकॅसल या वृत्तपत्राच्या माजी संपादकाने बातमी, तिच्याशी संबंधित माणसाची मुलाखत आणि भाष्य यांची सांगड घातली. बातमीला घडते कोठे याबरोबर घडते का हाही प्रश्न जोडला गेला.

दुपारच्या वेळी नाटक. नभोनाट्याची कल्पना आपल्याला नवी नाही. तिचा आरंभ मात्र ऐकण्यासारखा आहे. १९२४ च्या जानेवारीत रिचर्ड ह्यूज या तरुण लेखकाने खास नभोवाणीसाठी एक छोटे नाटक लिहिले. डोळ्यांना काही दिसणार नाही, मग पात्रांनाही काही दिसू नये, म्हणून त्याने कथा घातली कोळशाच्या खाणीत, दिवे विझल्यानंतरच्या अंधारात. श्रोत्यांनीही घरातले दिवे मालवून ऐकावे असे सुचविण्यात आले होते. साधनाचा दोष त्याने गुण करून दाखविला. बोलणाऱ्या नभोवाणीची सारी कला एवढ्यात आली.

बागकामाच्या शंकांचा कार्यक्रम निघाला १९४७ च्या एप्रिलात. युद्धात अन्नाची टंचाई पडली तेव्हा हिरवळी खणून बटाटे आणि कोबी लावा असा प्रचार झाला होता. ती सवय टिकवून धरणारा हा कार्यक्रम उत्तर इंग्लंडातील एका हॉटेलात श्रोत्यांसमोर सुरू झाला. त्याच युद्धकाळात सकाळच्या बातम्यांनंतर पाच मिनिटे 'किचन फ्रंट' नावाचा कार्यक्रम होई. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या जिनसांत घर कसे चालवावे ते त्यात सांगत. या कार्यक्रमात एक मराठी आवाज होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या वेणू चितळे या तेव्हा लंडनला बी. बी. सी.त काम करीत होत्या. जॉर्ज ऑर्वेल हे हिंदुस्थानसाठी कार्यक्रम तयार करीत, त्यांच्या त्या सहकारी. मांस मिळेनासे झालेल्या इंग्रज गृहिणींना डाळी-भाज्यांचे शाकाहारी जेवण कसे करावे, हे या मराठी बाईंनी समजावून सांगितले. पुढे १९५० मध्ये त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी आली. ज्यांचे राज्य आपल्यावर होते, त्यांना टंचाईच्या दिवसांत आमटीभाताचा धडा आपल्या एका भगिनीने द्यावा, यात काही काव्यगत न्याय आहे.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. बी. बी. सी.वर बातम्या वाचणाऱ्यांचा उच्चार एकाच ठशाचा, दक्षिण इंग्लंडातील सुशिक्षितांचा असे. १९४१ मध्ये यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्सला बातम्या वाचावयास दिल्या. रात्री निरोप घेताना तो आपल्या मुलखाच्या बोलीत शुभरात्री म्हणे. यावर तक्रारींची पत्रे आली, आणि त्यांतली पुष्कळशी खुद्द उत्तरेकडच्या लोकांची! बातमी आपल्या बोलीत आली तर ती खरी वाटत नाही, असे त्यांना वाटे. प्रमाणभाषा आणि बोली यांच्या झगड्याचा अनुभव असलेल्या आपल्या समाजाला यातले दुःख निराळे समजावून सांगावयास नको.

संध्याकाळी सातच्या सुमारास 'द आर्चर्स'. काल्पनिक ॲम्ब्रिज गावातील एका शेतकरी कुटुंबाची ही कथा १ जानेवारी १९५१ पासून राष्ट्रीय प्रक्षेपणात आहे. ती निघाली ती शेतकी खात्याच्या गरजेतून. शिधावाटप अद्याप चालू होते; ते संपूर्ण उठले १९५४ च्या जुलैत. धान्य वाढावयाला हवे, पण रूक्ष व्याख्याने शेतकरी ऐकेना. तेव्हा १९४८ साली बर्मिंगहॅमच्या एका बैठकीत एका शेतकऱ्यानेच उपाय सुचविला. त्या काळी 'डिक बार्टन' नावाची साहसकथा रोज संध्याकाळी लागे आणि लोक कान टवकारून ऐकत. तशीच एखादी शेतकऱ्याची कथा करा, असे तो म्हणाला. गॉडफ्रे बेझली यांनी ते मनावर घेतले. नायक-नायिकांच्या भानगडींमध्ये गाईंचे रोग, नवी खते आणि नांगरटीची यंत्रे बेमालूम मिसळली. कीर्तनकार पूर्वरंगातले तत्त्व उत्तररंगातल्या आख्यानात घोळून देतो, त्यातलाच हा प्रकार.

२२ सप्टेंबर १९५५ च्या रात्री या कथेतील ग्रेस नावाची तरुण सून तबेल्याच्या आगीत सापडून मरण पावली. घराघरांत लोक रडले, बी. बी. सी.कडे दूरध्वनी आणि पत्रे यांची रीघ लागली. त्याच रात्री इंग्लंडात जाहिरातींवर चालणारी पहिली दूरचित्रवाणी सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत तिचा गाजावाजा व्हावयाचा, तेथे ग्रेसच्या मृत्यूने जागा अडविली. हा योगायोग होता असे फार थोडे लोक मानतात.

रात्र चढते. संसदेत आज काय झाले याचा वृत्तांत येतो; हा १९४५ पासूनचा. संसदेतील प्रत्यक्ष आवाज मात्र नियमितपणे ऐकू येऊ लागले १९७८ च्या एप्रिलापासून. लोकांनी निवडलेल्या माणसांचे बोलणे लोकांना ऐकू द्यावे की नाही, यावर संसदेनेच पन्नास वर्षे घोळ घातला होता. शिवाय निजताना वाचून दाखविलेले पुस्तक. ही प्रथा १९४९ ची. मध्यरात्री लंडनच्या मोठ्या घड्याळाचे टोले पडतात. ते प्रथम ऐकू आले १९२३ च्या अखेरच्या रात्री, नवे वर्ष उगवताना. पुन्हा एकदा समुद्राचा अंदाज येतो, राष्ट्रगीत होते आणि केंद्र आपली लहर रात्रीपुरती जागतिक सेवेच्या हाती देते. ही सेवा १९३२ मध्ये साम्राज्यासाठी निघाली. युद्धकाळात ती अनेक भाषांत बोलू लागली, आणि १९४२ पासून तिच्यात मराठीही आली. ते मराठी प्रक्षेपण १९५८ मध्ये बंद झाले. पुढे २०१७ साली बी. बी. सी.ची मराठी सेवा नव्या साधनांनी परत सुरू झाली.

दिवस संपला. आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. हे सारे एकत्र राहिले का?

ते सहज राहिले नाही. युद्धानंतर बी. बी. सी.नेच श्रोत्यांची वाटणी केली. १९४५ मध्ये करमणुकीसाठी एक केंद्र, १९४६ मध्ये अभिजात संगीत-साहित्यासाठी दुसरे, आणि मधल्या सामान्य घरासाठी युद्धकाळातील 'होम सर्व्हिस'. त्या वेळचे प्रमुख विल्यम हेली यांची कल्पना होती, की श्रोता हळूहळू खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर चढेल. पण माणसे पायऱ्या चढत नाहीत. ज्या पायरीवर बसावयास बरे वाटते तेथेच बसतात. ३० सप्टेंबर १९६७ ला केंद्रांना क्रमांक मिळाले आणि होम सर्व्हिसचे रेडिओ फोर झाले. १९६९ च्या योजनेने प्रत्येक केंद्राचा स्वभाव आणखी वेगळा केला; संगीत दुसरीकडे गेले आणि रेडिओ फोरकडे मुख्यतः बोलणे उरले. खुद्द कर्मचाऱ्यांतूनही या योजनेला जोराचा विरोध झाला. तथापि रीथ यांची सरमिसळ जी काही शिल्लक उरली, ती या एका केंद्रावर उरली.

१९९०-९१ च्या आखाती युद्धात त्या केंद्राची एक लहर बातम्यांना दिली होती. तो प्रयोग यशस्वी झालेला पाहून दीर्घ लहर कायमचीच बातम्यांना द्यावी असा बेत ठरला. तेव्हा, १९९३ मध्ये, इंग्लंडातील मध्यमवर्गीय, मध्यमवयीन, कधीही रस्त्यावर न उतरलेली माणसे मोर्चा घेऊन बी. बी. सी.च्या दारावर गेली. त्यांच्या मागण्या सभ्य भाषेत होत्या. पण त्या मान्य झाल्या, आणि बातम्यांचे केंद्र निराळे निघाले. ज्यांच्यासाठी रीथ यांनी न विचारता ताट वाढले होते, त्यांच्याच वारसांनी ते ताट कोणी उचलू नये म्हणून हात धरला. माझ्या मते रीथ यांना मिळालेले सर्वांत मोठे उत्तर हेच. लोकांना काय हवे हे लोकांना कळत नाही, हे त्यांचे मत खोटे ठरले. आणि मिश्र ताट लोकांना मानवते, ही त्यांची कृती खरी ठरली.

या वारशाचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झाले आणि १९३५ मध्ये येथील नभोवाणीचा प्रमुख म्हणून लायोनेल फील्डन यांना बी. बी. सी.तूनच आणले गेले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९३६ साली, 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झाले. शेतकऱ्यांसाठी, कामगारांसाठी, स्त्रियांसाठी, मुलांसाठी एकाच केंद्रावर कार्यक्रमांची आखणी करण्याची आपली जुनी पद्धत त्याच जातीची. 'कामगार सभा' ऐकत कित्येक सुखवस्तू घरांतली मुले मोठी झाली आणि गिरणीतल्या माणसाचे गाणे त्यांच्या कानावर पडले, ते त्यांनी मागितले म्हणून नव्हे.

आज परिस्थिती बदलली आहे. प्रत्येकाच्या खिशात स्वतःचे केंद्र आहे. त्यावर काय लागावे ते तो स्वतः ठरवितो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याने काल जे ऐकले त्यावरून एक यंत्र त्याला आज तसेच काहीतरी देते. रेडिओ फोरचेही पुष्कळ कार्यक्रम आता असे सुटे सुटे, हवे तेव्हा ऐकले जातात, आणि दीर्घ लहरीवरील त्याचे स्वतंत्र कार्यक्रम २०२४ मध्ये थांबले. यात सोय आहे. तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु ज्याला बागकाम आवडते त्याला बागकामच, ज्याला संताप आवडतो त्याला संतापच, असे होऊ लागले म्हणजे शेजाऱ्याचे घर दूर जाते. रीथ यांच्या काळी कोणाला बोलू द्यावयाचे नाही हे एक कडक गृहस्थ ठरवीत असे. त्याच्याशी भांडता येत होते; त्याला पत्र लिहिता येत होते; त्याच्या दारावर मोर्चा नेता येत होता. आपल्याच आवडीने उभ्या केलेल्या भिंतीवर मोर्चा कोठे न्यावयाचा?

मी इंग्रजांच्या एका केंद्राची कथा सांगितली ती त्यांचे गुणगान करण्यासाठी नव्हे. त्यांनी कामगाराला गप्प केले, बोलीला हसले, स्त्रीच्या कार्यक्रमात पुरुष बसविला. हे सारे मी सांगितले आहे. पण एक गोष्ट त्यांनी शंभर वर्षे सांभाळली. दिवसाकाठी थोडा वेळ तरी माणसाने, स्वतःसाठी नसलेले बोलणे ऐकावे. डोंगरात राहणाऱ्याने समुद्रावरचा वारा ऐकावा, पुरुषाने स्त्रियांची चर्चा ऐकावी, शहरातल्याने गाईच्या रोगाची वार्ता ऐकावी. दुसऱ्याच्या अडचणीची कल्पना येण्याचा याहून सोपा मार्ग अजून सापडलेला नाही.

आपली व्याख्यानमाला हेच काम करीत आली आहे. आज येथे नभोवाणीचा विषय ऐकावयास सगळेच आले असतील असे मी धरून चालत नाही. काही जण उद्याच्या वक्त्यासाठी आजपासून जागा धरण्याच्या सवयीने आले असतील, काही जण घरी उकडते म्हणून. त्यांचे मी विशेष आभार मानतो. ज्यांनी मागितले नव्हते, तरी शेवटपर्यंत बसून ऐकले, त्यांच्याच जोरावर अशा संस्था चालतात.